अवटु-न्यूनतेच्या उपचारातील 'समन्वय' : संकल्पना आणि व्यवहार यांची चिकित्सा
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश :
अवटु ग्रंथीची कार्यन्यूनता, म्हणजेच सामान्य बोलीतील 'थायरॉइड', या विकारात आधुनिक वैद्यकाची गोळी आणि पारंपरिक वैद्यकाची औषधे एकत्र घेण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. चीनमध्ये अशा एकत्रीकरणास शासकीय धोरणाचे पाठबळ मिळाले, तर महाराष्ट्रात त्यामागे 'शुद्ध' आणि 'मिश्र' आयुर्वेदाच्या वादाचा इतिहास आहे. 'समन्वय' या एकाच शब्दाखाली तीन भिन्न व्यवहार वावरतात. त्यांतील फरक न केल्यामुळे रुग्णाचे, विशेषतः स्त्रीरुग्णाचे, नुकसान होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीज संज्ञा : अवटु-न्यूनता, थायरॉक्सिन, गलगंड, कांचनार गुग्गुळ, चिनी वैद्यक, मिश्र वैद्यक, समन्वय.

१. प्रस्तावना

मराठीत 'चिकित्सा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रोगावरील उपचार आणि दुसरा एखाद्या मताची कसोशीने केलेली तपासणी. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असले तरी व्यवहारात पहिला अर्थ दुसऱ्याला फारसा जवळ येऊ देत नाही. उपचारपद्धतींच्या समन्वयाबाबत हे विशेष जाणवते. समन्वय हा शब्द भारतीय मनाला प्रिय आहे. त्यात संघर्ष टाळल्याचे समाधान आहे, परंपरेचा मान आहे आणि नव्याचा स्वीकारही आहे. त्यामुळे 'दोन्ही औषधे एकत्र घेतली तर बिघडले कुठे?' या प्रश्नाला विरोध करणारा मनुष्य हट्टी ठरतो. तथापि हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाणे आवश्यक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वैद्यकीय शिक्षणात आयुष पद्धती आणि आधुनिक वैद्यक यांची परस्पर ओळख असावी असे म्हटले आहे. त्यामुळे हा विषय केवळ दवाखान्याचा राहिलेला नाही, तो महाविद्यालयाचाही झाला आहे.

अवटु-न्यूनता हा या चर्चेसाठी योग्य विकार आहे. तो सामान्य आहे, दीर्घकालीन आहे, रक्ततपासणीने मोजता येतो आणि त्यावरील आधुनिक उपचार स्वस्त आहे. समन्वयाची कसोटी लावायची झाल्यास इतकी स्वच्छ भूमी अन्य विकारांत क्वचितच मिळते.

२. विकार आणि नामांतराचा प्रश्न

मानेच्या पुढील भागातील अवटु ग्रंथी आयोडिनाच्या साह्याने थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. ते कमी पडले की शरीराचे सर्व व्यापार मंदावतात. थकवा, थंडी सहन न होणे, वजनवाढ, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, मासिक पाळीतील बिघाड आणि उदासीनता ही त्याची लक्षणे होत. मेंदूतील पीयूषिका ग्रंथी अशा वेळी टीएसएच हे संप्रेरक अधिक स्रवते. रक्तातील टीएसएच वाढणे हे निदानाचे प्रमुख साधन आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ भारतीय शहरांतील पाहणीत प्रौढांमध्ये अवटु-न्यूनतेचे प्रमाण १०.९५ टक्के आढळले. मुंबई, गोवा व चेन्नई या किनारी शहरांपेक्षा अंतर्भागातील शहरांत ते अधिक होते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत या विकारास थेट प्रतिशब्द नाही. सुश्रुताने निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्यासोबत 'गलगंड' वर्णिला आहे. तथापि गलगंड हे गळ्यावरील सुजेचे नाव आहे, रक्तातील न्यूनतेचे नव्हे. गळा सुजलेला असून थायरॉक्सिन पुरेसे असू शकते, आणि गळा सपाट असूनही ते अत्यल्प असू शकते. शार्ङ्गधर संहितेतील कांचनार गुग्गुळ हा गंडमाळा, अपची, अर्बुद अशा विकारांसाठी सांगितलेला योग आहे. तो आज 'थायरॉइडचे औषध' म्हणून सर्रास दिला जातो, तेव्हा सूज आणि न्यूनता यांच्यातील अंतर नकळत पुसले जाते. आयुर्वेदातील विचारवंत वैद्य हे अंतर ओळखतात. म्हणूनच ते या विकाराची मांडणी गलगंडाऐवजी अग्निमांद्य, धात्वग्नीची मंदता आणि कफ-वाताचा प्रकोप या भाषेत करतात. ही मांडणी अधिक प्रामाणिक आहे, कारण ती ग्रंथप्रामाण्याचा खोटा आधार घेत नाही.

३. चिनी समन्वयाचा अनुभव

पारंपरिक चिनी वैद्यकापुढेही नेमका हाच पेच होता. तेथेही गळ्याच्या सुजेला स्वतंत्र नाव व स्वतंत्र उपचार आहेत, तर थकवा, थंडी व मंदपणा यांचे स्पष्टीकरण मूत्रपिंड आणि प्लीहा यांच्या 'यांग' शक्तीच्या ऱ्हासाने दिले जाते. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात गळ्याच्या सुजेवर समुद्रशैवाल सांगितले आहे. प्राण्यांच्या कंठग्रंथीचा औषधी उपयोगही चिनी ग्रंथांना ज्ञात होता. युरोपात १८११ मध्ये आयोडिनाचा शोध लागल्यानंतर शैवालाचा गुण कशामुळे येतो हे कळले. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीरुग्णास बरे केले. उपचार चालू राहिले आणि ती पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ मध्ये केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आले. परंपरेचे निरीक्षण खरे होते, असा याचा अर्थ होतो. मात्र ते कोणासाठी, किती प्रमाणात आणि केव्हा खरे, याचे उत्तर परीक्षणातूनच मिळाले.

हे उत्तर किती महत्त्वाचे आहे ते चीनच्याच अनुभवावरून दिसते. आयोडिनाच्या अभावामुळे झालेल्या गलगंडावर शैवाल उपयोगी पडते. परंतु ज्या प्रदेशात मिठातून आयोडिन पुरेसे मिळते तेथे अवटु-न्यूनतेचे प्रमुख कारण स्वयंप्रतिकारजन्य दाह हे असते. अशा रुग्णास जादा आयोडिन दिल्यास विकार वाढू शकतो. चीनमधील तीन प्रदेशांच्या दीर्घ पाहणीतून २००६ साली असे दाखवले गेले की, आयोडिनाचे सेवन जसे पुरेशाहून अधिक व अतिरिक्त होत जाते तसे अवटु-न्यूनता व स्वयंप्रतिकारजन्य अवटुदाह यांचे प्रमाण वाढते. म्हणजे एका काळचे अचूक औषध दुसऱ्या काळात अपायकारक ठरू शकते.

१९५०च्या दशकापासून चीनने चिनी व पाश्चात्त्य वैद्यकाचे एकत्रीकरण हे शासकीय धोरण म्हणून राबवले. त्याचे सर्वाधिक गौरवलेले फळ म्हणजे थु योयो यांचे हिवतापावरील आर्टेमिसिनिन, ज्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा धागाही गे होंगच्या त्याच ग्रंथात सापडला होता. तथापि थु योयो यांनी काढा व गोळी शेजारी ठेवून त्याला समन्वय म्हटले नाही. त्यांनी वनस्पतीतील घटक वेगळा काढला, त्याची चाचणी घेतली आणि प्रमाण निश्चित केले.

मराठी वाचकास या संदर्भात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण होणे साहजिक आहे. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निधन पावले. त्यांचे चीनमधील कार्य आधुनिक शल्यचिकित्सकाचे होते. चिनी वैद्यकाचा धागा भारतात आणला तो त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी, १९५०च्या दशकाच्या अखेरीस अॅक्युपंक्चर शिकून. पुढे महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला आणि २०१९ मध्ये केंद्र शासनाने या पद्धतीस मान्यता दिली. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे अवटु-न्यूनतेवरील परिणामाचा पुरावा नव्हे. सुई टोचल्याने वेदनेत आराम पडेल, पण न बनणारे थायरॉक्सिन त्यामुळे बनू लागते असे सिद्ध झालेले नाही.

४. महाराष्ट्रातील 'शुद्ध' आणि 'मिश्र'

मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने देशी वैद्यांची नोंदणी सुरू केली. १९४६ मध्ये नेमलेल्या चोप्रा समितीने १९४८ च्या अहवालात भारतीय व पाश्चात्त्य वैद्यकाच्या संश्लेषणाची शिफारस केली. त्याविरुद्ध शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह धरणारा पक्ष उभा राहिला. हा वाद तात्त्विक होता तोवर त्यात खोली होती. परंपरेची स्वतःची ज्ञानमीमांसा आहे, ती दुसऱ्याच्या मोजपट्टीने मोजावी काय, असा तो प्रश्न होता. कालांतराने हा प्रश्न मागे पडून परवान्याचा प्रश्न पुढे आला. कोणत्या पदवीधराने कोणते औषध लिहावे, एवढ्यापुरती चर्चा आक्रसली. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, जी पद्धती शिकलेली नाही तिचा वापर करणे हीच निष्काळजी होय, असा दंडक घालून दिला. १९९८ च्या मुख्त्यारचंद निकालाने राज्यांच्या अधिसूचनांना चौकट दिली. २०१४ मध्ये महाराष्ट्राने विशिष्ट अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी पदवीधरांसाठी कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये शल्यक्रियांच्या प्रश्नावरून देशभर आंदोलन झाले.

या साऱ्या वादात रुग्ण अनुपस्थित आहे. 'मिश्र' व्यवहार डॉक्टरांच्या परवान्यापुरता मोजला जातो. प्रत्यक्षात तो रुग्णाच्या घरात, फडताळावरच्या डब्यांत घडतो. तेथे कोणतेही मंडळ नसते.

५. समन्वयाचे तीन अर्थ

या व्यवहाराकडे बारकाईने पाहिल्यास 'समन्वय' या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करता येतात. पहिला सहोपचार : गोळी चालू ठेवून लक्षणांच्या शमनासाठी आहार, योग किंवा वनौषधी घेणे. दुसरा पर्यायोपचार : वनौषधी सुरू करून गोळी हळूहळू बंद करणे. तिसरा परीक्षित समन्वय : दोन्हींचा परस्परांवर होणारा परिणाम मोजून, प्रमाण ठरवून, नोंदी ठेवून केलेला उपचार. जाहिरातींची भाषा पहिल्या अर्थाने सुरू होते आणि दुसऱ्या अर्थावर येऊन थांबते. 'गोळीसोबत घ्या' हे आरंभीचे वाक्य असते, तर 'रोग मुळापासून जातो, आयुष्यभराच्या गोळीतून सुटका होते' हे अखेरचे. तिसरा अर्थ बहुधा उच्चारलाही जात नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत गलगंडाचा समावेश असूनही ही भाषा खुली चालते.

'गोळीची सवय लागते' हे या भाषेचे सर्वांत प्रभावी वाक्य आहे आणि ते तपासले पाहिजे. थायरॉक्सिनची गोळी शरीरात जे बनत नाही त्याची भरपाई करते. तिला सवय म्हणणे म्हणजे विहीर आटल्यावर बाहेरून आणलेल्या पाण्याला सवय म्हणण्यासारखे आहे.

६. पुराव्याची चिकित्सा

पारंपरिक औषधांच्या बाजूने पुरावा नाहीच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुग्गुळातील एका घटकामुळे उंदरांमध्ये अवटु ग्रंथीस चालना मिळते असे १९८४ मध्ये वाराणसीच्या संशोधकांनी दाखवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य अवटु-न्यूनता असलेल्या ५० रुग्णांना आठ आठवडे अश्वगंधा अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि अश्वगंधा गटात सुधारणा नोंदली गेली. मात्र ५० रुग्ण आणि आठ आठवडे ही मर्यादा लक्षणीय आहे. शिवाय सौम्य अवटु-न्यूनतेत टीएसएच अनेकदा आपोआप पूर्ववत होतो. ज्या अभ्यासात तुलनेचा गटच नसतो, तेथे ही नैसर्गिक सुधारणा औषधाच्या खात्यावर जमा होते. छोट्या, तुलनागटाविना केलेल्या अभ्यासांचा हा मूलभूत दोष आहे आणि महाविद्यालयीन संशोधनही त्यातून मुक्त नाही. चिनी वनौषधींच्या चाचण्यांवरही पद्धतीच्या याच त्रुटी आंतरराष्ट्रीय आढाव्यांनी दाखवल्या आहेत.

येथे एक तार्किक पेच लक्षात घ्यावा लागतो. वनौषधी निष्प्रभ असेल तर ती जोडण्यास कारण उरत नाही. ती खरोखर प्रभावी असेल तर गोळीसह संप्रेरकाचे प्रमाण मर्यादेबाहेर जाऊन धडधड, वजनघट, अनिद्रा असे परिणाम होऊ शकतात. अश्वगंधेच्या सेवनानंतर अवटु-अतिक्रिया झाल्याच्या रुग्णनोंदी वैद्यकीय साहित्यात आहेतच. तेव्हा दोन्ही बाजूंनी विचार केला तरी रक्ततपासणी अटळ ठरते. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' या विधानात प्रभाव आणि निरुपद्रव यांचा एकाच वेळी दावा केला जातो.

दुसरा प्रश्न शोषणाचा आहे. थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, पाण्यासोबत घ्यावी लागते. कॅल्शियम व लोह तिला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. शंखभस्म, प्रवाळभस्म, शौक्तिकभस्म हे मुख्यतः कॅल्शियमचे, तर लोहभस्म व मंडूरभस्म हे लोहाचे कल्प आहेत. सकाळी गोळीपाठोपाठ अशी पुडी घेतली की गोळीचा काही अंश वाया जातो, टीएसएच वाढलेला दिसतो आणि 'गोळी लागू पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. मग गोळीच बंद केली जाते. हाच दोष गरोदरपणात शासनाकडून मिळणाऱ्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांबाबतही संभवतो, त्यामुळे तो केवळ वैद्यांच्या माथी मारता येत नाही. गुग्गुळाबाबत १९९४ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी दाखवले की, त्याच्या अर्कामुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या आधुनिक औषधांचे शोषण घटते. पोटात दोन परंपरा भेटतात तेव्हा त्या एकमेकींना अडवूही शकतात, हे समन्वयाच्या उत्साहात विसरले जाते.

७. परभणी जिल्ह्याचा संदर्भ

परभणी हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. त्यामुळे वैद्य, हकीम आणि डॉक्टर या तिघांकडेही जाण्याची रीत या भागास परकी नाही. अनेक पद्धतींचा अवलंब हे येथील अज्ञानाचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. ते उपलब्धतेचे व विश्वासाचे गणित आहे. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यानंतरही जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परभणीस अलीकडच्या काळातच लाभले.

या जिल्ह्यातील जीवनक्रम अवटु-न्यूनतेच्या उपचाराशी अनेक ठिकाणी अडखळतो. गोळीचे प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. परंतु गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. पहाटे फडात जाणाऱ्या स्त्रीस रिकाम्या पोटी गोळी घेऊन अर्धा तास थांबा, हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. गोळी उष्णता व ओलावा यांपासून जपावी लागते, आणि चाळिशी पार करणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात किंवा पालात ती कशी जपावी याचे मार्गदर्शन क्वचितच होते. श्रावण, नवरात्र व रमजानच्या उपवासांत गोळीची वेळ कशी बदलावी हेही सांगितले जात नाही. वस्तुतः रात्री जेवणानंतर पुरेशा अंतराने, झोपताना गोळी घेणे हा अभ्यासांनी मान्य केलेला पर्याय आहे.

आहाराचा मुद्दाही स्थानिक आहे. परभणी हा सोयाबीनचा जिल्हा आहे. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ यांसारखे सोयाबीनचे वाण दिले. सोयाबीनचे पीठ व वड्या पौष्टिक म्हणून घरात येतात. सोया वर्ज्य करण्याचे कारण नाही, मात्र ती गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकते म्हणून वेळेचे अंतर ठेवावे लागते. एवढी साधी माहितीही दोन्ही पद्धतींच्या सल्ल्यातून निसटते.

या साऱ्यात खरे पणाला लागते ते गरोदर स्त्रीचे आणि तिच्या बाळाचे. पहिल्या तिमाहीत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि या काळात गोळीची गरज वाढते. नेमक्या याच वेळी 'गरोदरपणात इंग्रजी औषध नको' या समजुतीने गोळी थांबवली गेली, तर झालेली हानी नंतर भरून काढता येत नाही. पर्यायोपचाराचा सर्वांत मोठा धोका येथे आहे.

८. आधुनिक वैद्यकाची उणीव

रुग्ण पारंपरिक वैद्यकाकडे का वळतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय ही चिकित्सा एकांगी ठरेल. टीएसएच पूर्ववत होऊनही सुमारे पाच ते दहा टक्के रुग्णांत थकवा, जडपणा, उदासीनता कायम राहते. अशा रुग्णास 'तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढे एकच वाक्य ऐकायला मिळते. घरात तिचा थकवा आळस ठरतो आणि दवाखान्यात तो अस्तित्वातच नसतो. वैद्य मात्र तिची झोप, भूक, पाळी, थंडी, मन यांची विचारपूस करतो, नाडी पाहतो, वेळ देतो. हा वेळ हीच पारंपरिक वैद्यकाची मोठी मिळकत आहे आणि ती आधुनिक वैद्यकाने गमावलेली आहे. शिवाय 'आणखी काय घेता?' हा प्रश्न रागाने विचारला जात असल्यामुळे रुग्ण उत्तर लपवतो. लपवलेला समन्वय हा सर्वांत धोकादायक समन्वय होय, कारण त्याची नोंद कोणाकडेच नसते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. गलगंड व अवटु-न्यूनता या भिन्न कल्पना आहेत. सुजेवरील औषध न्यूनतेवर लागू करताना ग्रंथाचा आधार पुरेसा ठरत नाही.
२. सहोपचार, पर्यायोपचार आणि परीक्षित समन्वय यांत स्पष्ट भेद केला पाहिजे. निश्चित निदान झालेल्या अवटु-न्यूनतेत पर्यायोपचाराचे समर्थन उपलब्ध पुराव्यावर होऊ शकत नाही.
३. सहोपचार करावयाचा असल्यास गोळी न थांबवणे, भस्म व लोह-कॅल्शियम यांपासून चार तासांचे अंतर राखणे, नवे औषध सुरू करताना व त्यानंतर टीएसएच तपासणे आणि दोन्ही वैद्यांना संपूर्ण माहिती देणे या किमान अटी होत. गरोदरपणात कोणताही बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.
४. परभणीसारख्या जिल्ह्यात परीक्षित समन्वयाचे काम महाविद्यालये करू शकतात. स्थानिक बाजारातील भस्मांतील कॅल्शियम व लोहाचे प्रमाण रसायनशास्त्र विभागाला मोजता येईल. गुग्गुळाची वनस्पती आज गंभीर धोक्यात असल्यामुळे त्यातील भेसळीची ओळख वनस्पतिशास्त्र विभाग पटवू शकेल. स्थलांतरित स्त्रियांच्या औषधसेवनाचा अभ्यास समाजशास्त्र व गृहविज्ञान या विभागांच्या आवाक्यातील आहे.

चीनच्या अनुभवातून शिकायचे ते हेच की, परंपरेतील खरे ज्ञान परीक्षणाने उणावत नाही, उलट त्याची मात्रा व मर्यादा निश्चित होते. समन्वयाच्या नावाखाली हे परीक्षण टाळले गेले, तर त्याची किंमत परवान्यासाठी भांडणारे दोन्ही पक्ष मोजत नाहीत. ती पालमच्या किंवा सोनपेठच्या एखाद्या घरातील थकलेली स्त्री मोजते. तिच्यासाठी उपचार आणि तपासणी हे 'चिकित्सा' शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येणे हाच खरा समन्वय ठरेल.